‘माझा इजिप्त’ : एक चित्रवाचन

चार्ल्स डीमथ या अमेरिकन चित्रकाराचे ‘माझा इजिप्त’ (१९२७) हे चित्र मी प्रथम एका पुस्तकात पाहिले. ‘यंत्रयुगाचे गुणगान, माणसाचा पत्ता नाही’ असा शेरा मारून मी पान उलटले. तो शेरा उतावळेपणाचा होता, असे आता मला वाटते.

चित्राचा विषय साधा आहे : पेनसिल्व्हेनियातील लँकॅस्टर या डीमथच्या जन्मगावची धान्याची उंच, गोल कोठारे. धान्य यंत्राने वर चढवून आत ओतावयाचे, म्हणून त्यांना तिकडे ‘एलेव्हेटर’ म्हणतात. मूळ चित्र जेमतेम तीन फूट उंच आहे. तरीही कोठारे प्रचंड भासतात, कारण ती खालून वर पाहिल्यासारखी रंगविली आहेत आणि तळाशी ठेंगण्या इमारती आहेत. रेषा पट्टीने आखल्याप्रमाणे काटेकोर आहेत. या गुणावरूनच ह्या चित्रपद्धतीस ‘प्रिसिजनिझम’ हे नाव पडले. आकाशातून तिरपे प्रकाशपट्टे उतरतात आणि भिंतींना छेदताना त्यांची छटा पालटतात. पॅरिसमधील वास्तव्यात पाहिलेला घनवाद येथे डीमथच्या उपयोगी पडला आहे.

मग नावात इजिप्त कशासाठी? १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली व इजिप्त सर्वतोमुखी झाला. अमेरिकेचे पिरॅमिड ते हेच, असा सरळ अर्थ निघतो. त्यात किंचित थट्टाही असेल. परंतु पिरॅमिड ही अखेर कबर, आणि कोठारात असते ते अन्न. या दोहोंचा संबंध जुना आहे. बायबलमधील योसेफाने इजिप्तमध्ये दुष्काळासाठी धान्य साठविले, त्याची कोठारे म्हणजेच पिरॅमिड, असा समज मध्ययुगीन युरोपात होता.

डीमथला मधुमेह होता. इन्शुलिनपूर्वीच्या काळात रुग्णाला जवळजवळ उपाशी ठेवणे हाच त्यावरील मुख्य उपचार असे. तो डीमथने सोसला. पुढे इन्शुलिन मिळालेल्या आरंभीच्या रुग्णांपैकी तो एक ठरला. आजारपणामुळे त्याचा बराच काळ लँकॅस्टरच्या घरी, आईजवळ गेला. १९३५ मध्ये, ५१ व्या वर्षी, तो वारला.

पोटभर जेवण ज्याला वर्ज्य होते, त्याने गावच्या धान्यकोठारांना कबरींच्या देशाचे नाव दिले आणि त्यापुढे ‘माझा’ हा शब्द लिहिला. हा अर्थ मी लावलेला आहे. तो इतरांना पटेलच असे नाही. मात्र ज्या माणसाचा पत्ता मला चित्रात लागला नव्हता, तो मला या एका शब्दात सापडला.