मेसच्या भिंतीवरचा टीव्ही

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, जुना टीव्ही बॉक्स भंगारवाल्याला देऊ का?" तेव्हाच दटावणार होते, पण तुझ्या मागं कुकरच्या शिट्ट्या सुरू होत्या. आता मेडिकलच्या पोरांची पंगत उठली असेल. टेक जरा, सांगते.

देऊ नकोस. मालिका बघायला तो आता कुरकुरतो, खरंय. पण "आज: मेथी, वरण, ज्वारीची भाकरी, ठेचा" एवढं भिंतीवर दाखवायला त्याला काय लागतंय? तू पाठवलेला फोटो पाहिला. अ‍ॅमलॉजिक एस९०५एक्स चिप, २ जीबी रॅम, ५ व्होल्ट २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर. म्हणजे कितीही वीज ओढली तरी १० वॉट. (केबलवाल्याच्या सेट-टॉप बॉक्सला मात्र हात लावू नकोस. तो कुलूपबंद असतो, आणि बहुतेक वेळा आपला नसतोच.)

पहिले पंधरा दिवस काहीच उघडू नकोस. मोबाईलवर १९२० बाय १०८० मापाचं चित्र कर, पेनड्राईव्हवर टाक, डब्यात खोच. झाला फलक. पोरं वर बघतात का, की तरी "काकू, भाजी कोणती?" विचारतातच, ते आधी कळू दे.

जमलं, हौस वाढली, तर पुढची पायरी. आर्मबियन नावाची लिनक्स या डब्यांवर चालते. इथं मी हात पोळून घेतलाय, म्हणून सांगते. मी घाईघाईत ती थेट आतल्या मेमरीत लिहिली, त्यात फाईल दुसऱ्याच मॉडेलची निवडली. डबा मेला तो मेला. तू सगळं मेमरी कार्डावरच ठेव. एव्हीच्या भोकात, आत खोल, बऱ्याच डब्यांना एक बारीक बटण असतं. कार्ड घालून, टूथपिकनं ते दाबून धरत वीज लावायची. हे एकदाच. पुढं कार्ड असेल तर लिनक्स, काढलं की आपलं जुनं अँड्रॉइड. बिघडलं तर कार्ड पुसायचं, डबा नाही.

आता खरी रडकथा ऐक, ती आपल्या अक्षराची. पडद्यावर थेट रंगवणारे काही छोटे प्रोग्रॅम इंग्रजी झकास दाखवतात, पण मराठी अक्षरं एकामागून एक नुसती मांडत जातात. 'शिरा' लिहिलं तर वेलांटी 'श'च्या पलीकडं जाऊन बसते, 'ज्वारी'तला ज लंगडा होऊन व पासून सुटतो. आपली अक्षरं एकमेकांत गुंतलेली. ती जुळवणारं यंत्र वेगळं लागतं. ब्राउझरमध्ये ते असतं. म्हणून साधं वेबपान कर आणि क्रोमियम पूर्ण पडद्यावर उघड. फाँट मुक्ता घे, फुकट आहे आणि लांबून सुटा दिसतो. ओळी पाचच्या वर नकोत. कडेला चार बोटं जागा सोड. जुने टीव्ही चित्राच्या कडा खातात, आणि त्यात भाव गेला तर भांडण तुझ्याच दारात.

हसशील, पण हे करताना मला तुमच्या अंबाजोगाईचे दासोपंत आठवतात. चारशे वर्षांपूर्वी त्या माणसानं सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापडावर पंचीकरण मांडलं, मजकूर आणि आकृत्या शेजारी शेजारी. पंचमहाभूतांचा पसारा नजरेत यावा म्हणून पासोडीचा पडदा केला. तुला तर नुसती मेथी मांडायचीय. तुमच्या गावातच आहे ती, एकदा जाऊन बघ. कुठं रेघ, कुठं रिकामी जागा, हे कुठल्या अ‍ॅपपेक्षा तिथं जास्त कळेल.

फलकावर घड्याळ मात्र लावू नकोस. या डब्यांत सहसा घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली आणि नेट नसलं की वेळ भलतीच. आमच्या क्लासच्या फलकावर सोमवारभर शनिवार होता, पोरं सुट्टी मागायला लागली. तारीख हवी तर मजकुराबरोबर हातानं लिही. आणि वीज अचानक गेली की कार्ड खराब होऊ शकतं, त्यामुळं त्याची नक्कल दुसऱ्या कार्डावर करून पिठाच्या डब्याशेजारी ठेवून दे.

नेटचं म्हणशील तर अँड्रॉइडवर असेपर्यंत जोडूच नकोस. २०२३च्या जानेवारीत कॅनडातल्या एकाला टी९५ नावाच्या अशाच स्वस्त डब्यात आधीच भरलेलं मालवेअर सापडलं होतं. तुझ्या मेसचे पैसे ज्या मोबाईलवर येतात, त्याच वायफायवर असला पाहुणा कशाला?

टीव्हीचा आवाज बंद ठेव, उजेड निम्मा कर. कार्ड मी तयार करून एसटीच्या पार्सलनं पाठवते. टूथपिक तुझ्या बडीशेपच्या वाटीशेजारी असतीलच. आणि हो, पहिल्या दिवशी फलकावर शेंगोळे लाव, मी जेवायला येतेय.