दफ्तर, रुमाल आणि शेल

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने नल्लकुंट्यातील आपल्या कार्यालयामधील जुन्या वह्या, पावत्या आणि विद्यार्थी-साहाय्याचे अर्ज यांची छायाचित्रे संगणकावर घेण्यात आली. वाळवीचे भय गेले. परंतु त्याजागी चित्रांचा एक मोठा ढीग होऊन बसला. एखाद्या विद्यार्थ्यास मिळालेल्या मदतीची एकमेव नोंद त्या ढिगात असेल आणि ती सापडत नसेल, तर ती असून नसल्यासारखीच होय. म्हणून हा ढीग कसा लावावा, आणि लावताना कोणती सावधगिरी बाळगावी, हे सभासद बंधुभगिनींस या लहानशा पाठात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

ही विद्या आपणांस अगदीच परकी नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधून ठेवीत. दफ्तरात रुमाल, रुमालात कागद, अशी ती व्यवस्था. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, ते अशी बांधणी हाताशी होती म्हणूनच शक्य झाले. संगणकात कागद म्हणजे फाइल आणि रुमाल म्हणजे डिरेक्टरी. फरक इतकाच की येथे रुमालात रुमाल, त्यात आणखी रुमाल, असे कितीही घालता येतात.

हे काम संगणकाला लेखी हुकूम देऊन करून घेता येते. ते हुकूम वाचणारा जो कारभारी, त्यास शेल म्हणतात. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला. तिच्यासाठी स्टीफन बोर्न यांनी लिहिलेला शेल १९७९ साली बाहेर आला. आणि १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी त्याच धर्तीवर बॅश हा शेल केला. तो आज असंख्य संगणकांवर विनामूल्य मिळतो.

आरंभी सहा हुकूम पुरेत. ते लहान रोमन अक्षरांत टंकावयाचे असतात. येथे उच्चाराप्रमाणे दिले आहेत. 'पीडब्ल्यूडी' म्हणजे आपण कोणत्या डिरेक्टरीत उभे आहो ते सांग. 'एलएस' म्हणजे येथे काय काय आहे ते दाखव. 'सीडी' म्हणजे दुसऱ्या डिरेक्टरीत चल. 'एमकेडीआयआर' नवी डिरेक्टरी करतो, 'सीपी' प्रत करतो, आणि 'आरएम' पुसून टाकतो. या शेवटच्या हुकुमाविषयी विशेष जपावयास हवे. त्याच्या मागे केराची टोपली नाही. पुसले ते गेले.

हेच हुकूम एका फाइलीत ओळीने लिहिले की ती स्क्रिप्ट झाली. १९६२ सालच्या सर्व पावत्या एकत्र करावयाच्या असल्यास पुढील ओळी पुरतात:

सीडी "/दफ्तर/पावत्या" || एक्झिट
एमकेडीआयआर -पी "१९६२"
फॉर एफ इन पावती-१९६२-*
डू
सीपी -एन "$एफ" "१९६२/"
डन

पहिल्या ओळीतील दोन उभ्या रेघांचा अर्थ, 'तेथे जाता आले नाही तर काम थांबव.' ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. सरावाच्या वेळी आम्ही ती गाळली. डिरेक्टरीच्या नावात एक वेलांटी चुकली, 'सीडी' जागचा हलला नाही, आणि पुढचा 'आरएम *' हा हुकूम आम्ही उभे होतो त्याच जागी चालला. तारा म्हणजे 'सर्व'. त्याने सर्व पुसले. सराव प्रतीवर होता म्हणून मूळ चित्रे वाचली. त्या दिवसापासून आमचा नियम असा: आधी पाहावे, मग प्रत करावी, प्रत ताडावी, आणि मगच पुसावे. ताडण्यासाठी 'सीएमपी' हुकूम आहे. दोन्ही फाइली हुबेहूब असल्या तर तो काहीच बोलत नाही. हुकुमाआधी 'एको' हा शब्द लिहिला तर काम न होता केवळ हुकूम पडद्यावर दिसतो. ही रंगीत तालीमच समजावी.

अवतरणचिन्हे विसरू नयेत. नावात मोकळी जागा असली तर त्यांवाचून शेल एका नावाची दोन नावे समजतो. 'सीपी'पुढील '-एन' मुळे त्याच नावाची आधीची फाइल झाकली जात नाही.

नावे देताना मराठी माणसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'कऱ्हाडकर' मधील 'ऱ' हे अक्षर संगणकात एका खुणेने किंवा 'र' व नुक्ता अशा दोन खुणांनी लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात. लिनक्सवरील शेलास मात्र ती दोन निरनिराळी नावे वाटतात, आणि शोधलेली फाइल हाती लागत नाही. यास्तव फाइलीस वर्ष, महिना, दिवस आणि अनुक्रमांक असेच नाव द्यावे व व्यक्तींची नावे निराळ्या सूचीत लिहावी. अनुक्रमांक ००१, ००२ असा लिहावा. नाही तर १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो.

शेवटची गोष्ट हैदराबादकरांस निराळी सांगावयास नको. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराची आठवण या शहराने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे, आणि ऑक्टोबर २०२० मध्येही येथील अनेक वस्त्यांत पाणी शिरले. एकाच खोलीत ठेवलेल्या दोन प्रती पाण्याला एकच होत. म्हणून दफ्तराची एक प्रत कार्यालयात, एक दुसऱ्या साधनावर आणि एक दूरच्या घरी असावी.

देणगीदारांनी विश्वासाने दिले आणि पूर्वीच्या कार्यकर्त्यांनी पैन्‌पैची नोंद ठेवली. ती नोंद शाबूत राखून पुढच्या पिढीच्या हाती देणे हे आता आपले काम आहे. घरातील मुलामुलींस हे हुकूम बहुधा लवकर येतील. कोणता कागद कोणत्या रुमालातला, हे मात्र वडील मंडळींनीच त्यांच्याजवळ बसून सांगितले पाहिजे.