काळ्या खडकाचे थर व विहिरीचे पाणी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात एका बांधावर विहिरीस पाणी लागते व शेजारच्या बांधावर लागत नाही, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांस आहे. याचे कारण आपल्या खडकाच्या घडणीत आहे.

पृथ्वीचे कवच अखंड नसून मोठमोठ्या तुकड्यांचे बनलेले आहे. यांस भूपट्ट म्हणतात. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. हिंदी महासागरातील रीयुनियन बेटाखाली आज जे उष्ण स्थान आहे, त्यावरून ती सरकत असता कवचास भेगा पडून शिलारसाचे लोटावर लोट बाहेर आले, असे शास्त्रज्ञ मानतात. ते थिजून दख्खनचे पठार बनले. अकोले तालुक्यातील कळसूबाई शिखर (१,६४६ मीटर) याच थरांचे आहे. पुढे हा भूपट्ट आशियास भिडला व हिमालय उंचावला.

शिलारसाच्या प्रत्येक थराचे दोन भाग असतात. मधला काळा पाषाण घट्ट असून केवळ भेगांतच पाणी धरतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो व लवकर झिजतो. त्यास मांजऱ्या खडक म्हणतात. दोन थरांमध्ये कोठे कोठे तांबड्या चिकणमातीचा पट्टा असतो. तो पाणी सहसा झिरपू देत नाही. वरचा खडक झिजून मुरूम होतो व त्यातूनच आपली काळी माती बनली आहे. सारांश, पाणी मुख्यतः मुरमात, झिजलेल्या मांजऱ्या खडकात व भेगांत साठते. प्रवरा व गोदावरीकाठच्या गाळाच्या जमिनींची गोष्ट निराळी आहे.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) कर्ज काढून खोल कूपनलिका घेतल्याने पाण्याची खात्री होत नाही. खाली घट्ट पाषाण असल्यास पैसा वाया जातो.

(२) विहिरीची जागा ठरविण्यापूर्वी शेजारच्या विहिरींतील थर व उन्हाळ्यातील पाण्याची पातळी पाहावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा.

(३) बांधबंदिस्ती व समतल चर करून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे. थरांत जेवढे मुरेल तेवढेच उपसता येते. नगर तालुक्यातील हिवरे बाजार गावाने पाणलोटाची कामे करून शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी घातली. हे उदाहरण अनुकरणीय आहे.

खडक आपणांस बदलता येत नाही. परंतु त्याची रीत ओळखून वागल्यास हानी निश्चित टळते.