उंबऱ्यावरचा सिंह



बेळगावच्या स्टँडवर गोव्याची कदंबा बस आपण नेहमी बघतो. तिच्यावरचा सिंह नीट बघितलाय का? ते कदंब राजांचं राजचिन्ह. खानापूर तालुक्यातली हलशी ही त्यांची एक राजधानी. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवरही सिंहच. गंमत बघा, आपल्या रानात वाघ आहे, सिंह नाही. चीनमध्येही सिंह नव्हता, तरी तिथल्या दारांपुढे दगडी सिंहांची जोडी बसते. म्हणजे सिंह आला तो जनावर म्हणून नव्हे, खूण म्हणून.

राजांनी ती खूण सत्तेसाठी वापरली. सारनाथला अशोकाचे चार सिंह आहेत. पुढे ते आपल्या नोटांवर, कागदांवर आले. शिवनेरीच्या दरवाजावर सिंहासारखा शरभ पंजात हत्ती धरून उभा आहे. शत्रूला इशारा, दुसरं काय!

देवळातला सिंह मात्र वेगळा. जुन्या दगडी देवळाच्या उंबऱ्यावर किंवा कमानीवर बटबटीत डोळ्यांचं, जबडा वासलेलं नुसतं तोंड असतं. धड नाही. कुणी म्हणतं राक्षस, कुणी म्हणतं दृष्ट लागू नये म्हणून. त्याचं नाव कीर्तिमुख.

पुराणात कथा आहे. जालंधराने राहूला शंकराकडे पाठवलं, निरोप असा की पार्वती माझ्या हवाली कर. शंकराच्या क्रोधातून सिंहमुखी, हाडकुळा, भुकेने वखवखलेला एक गण निघाला आणि राहूच्या अंगावर धावला. राहू शरण आला. शंकराने त्याला सोडलं.

गण म्हणाला, "देवा, मग मी खाऊ काय?"

"स्वतःलाच खा."

त्याने 'का' विचारलं नाही. पायापासून सुरुवात केली, तोंड तेवढं उरलं. शंकर प्रसन्न झाले. म्हणाले, तू माझ्या दारात राहा. तुला मान न देता आत येईल त्याची पूजा मला पोचणार नाही.

आपण उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावतो, पण खाली बघत नाही. तिथं कोण बसलाय ते पोरांना दाखवा. भीती दाखवू नका, गोष्ट सांगा. राहूला सोडून देणं आणि गणाने आज्ञा पाळणं, यात अवघड कुठलं, हे घरी बसून बोला. आमच्या मते पहिलं.

आपापल्या गावच्या देवळातल्या कीर्तिमुखाचा फोटो ग्रुपवर टाका. गावाचं नाव लिहायला विसरू नका.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥