घटक ५ : आडनावाचा उगम आणि प्रसार – ‘कासार’ या नावाचा अभ्यास

५.१ प्रास्ताविक



पुणे–लोणावळा लोहमार्गावर दापोडी आणि पिंपरी या स्थानकांच्या दरम्यान कासारवाडी हे स्थानक आहे. मार्च २०२२ पासून याच नावाचे मेट्रो स्थानकही सुरू झाले आहे. तुमच्यापैकी अनेक जण पिंपरी–चिंचवड किंवा चाकण परिसरातील कारखान्यांत काम करून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत असतील. त्यांनी हे नाव फलकावर शेकडो वेळा वाचले असेल. रोज वाचलेल्या नावाकडे आपण शब्द म्हणून सहसा पाहत नाही. या घटकात तसे पाहावयाचे आहे. ‘कासार’ हा शब्द कोठून आला, तो व्यवसायाचे नाव, जातीचे नाव, आडनाव आणि गावाचे नाव असा कसकसा वापरला गेला, आणि तो इतक्या दूरवर का आढळतो, हे प्रश्न आपल्यापुढे आहेत. त्यांची उत्तरे शोधताना आडनावांविषयीचा एक सार्वत्रिक गैरसमजही तपासावा लागेल. एका आडनावाची सारी माणसे मुळात एकाच घराण्यातली, असे आपण नकळत धरून चालतो. काही आडनावांबाबत ते खरे असते. कासार या आडनावाबाबत मुळीच खरे नाही.

५.२ शब्दाची व्युत्पत्ती

कासार हा शब्द संस्कृतातील ‘कांस्यकार’ या शब्दापासून आला. कांस्य म्हणजे कासे, तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू. कासे घडविणारा तो कांस्यकार. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘क’ लोप पावतो, जवळ आलेले स्वर मिसळतात आणि ‘कंसार’ असे रूप तयार होते. मराठीत ‘स’पूर्वीचा अनुस्वार जाऊन आधीचा स्वर दीर्घ झाला : कंसार – कासार. ‘वंश’ या शब्दापासून छपराचा ‘वासा’ झाला, तोही याच वाटेने. कुंभकार – कुंभार, लोहकार – लोहार, सुवर्णकार – सोनार ही परिचित उदाहरणे शेजारी ठेवली की ‘कार’चा ‘आर’ होण्याचा नियम स्पष्ट होतो. मात्र नियम हाती आला म्हणून तो सरसकट लावू नये. ‘सुतार’ हा शब्द दिसतो याच माळेतला, परंतु त्याचे मूळ ‘सूत्रधार’ आहे.

‘कासारवाडी’तला ‘आर’ आणि ‘पुणेकर’मधला ‘कर’ यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिला करणाऱ्याचा निर्देश करतो, दुसरा राहणाऱ्याचा. पुढील सर्व विवेचन या भेदावर उभे आहे.

आणखी एक अडचण येथेच सोडवू. संस्कृतात ‘कासार’ या शब्दाचा दुसरा अर्थ तलाव असा आहे. मग कासारवाडी म्हणजे तळ्याकाठची वाडी, असे का म्हणू नये? ध्वनी जुळतो, अर्थही रम्य आहे. तरीही हा तर्क टिकत नाही. तलाव या अर्थाचा ‘कासार’ हा काव्यातला शब्द आहे; मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या तळ्याला कासार म्हटल्याचा अनुभव नाही, तो तळे किंवा तलावच म्हणतो. वाडीची नावे पंडितांनी ठेवलेली नसतात, ती बोलण्यातून पडतात. म्हणून ग्रामनामाची व्युत्पत्ती करताना ‘हा शब्द या अर्थाने येथे कोण बोलत होते?’ हा प्रश्न आधी विचारावा. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी नदीचे नाव पाहा. नदीच्या बाबतीत हाच प्रश्न कोणती दिशा सुचवितो, याचा विचार स्वतः करून पाहा.

५.३ अर्थाचा प्रवास

कासार केवळ काशाचे काम करीत राहिला नाही. पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि तांबे यांची भांडी घडविणे व विकणे हेही त्याचे काम झाले. तांब्याच्या पत्र्याला ठोके देऊन भांडे घडविणाऱ्याला ‘तांबट’ हे वेगळे नाव आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी त्यांचीच. घरातल्या स्त्रियांच्या बोलण्यात मात्र कासार म्हणजे बांगड्या भरणारा. लग्नघरी चुडा भरायला कासाराला बोलावतात, तेव्हा भांड्यांचा विषय कोणाच्या मनातही नसतो. एकाच घरात आजोबांचा कासार भांडी विकणारा आणि आजीचा कासार बांगड्या भरणारा असू शकतो. कोशात असे दोन अर्थ एकापुढे एक छापलेले दिसतात. त्यांच्यामागे बाजार आणि माजघर अशा दोन जागा आहेत, हे कोश सांगत नाही.

विसाव्या शतकात ॲल्युमिनियम आणि त्यानंतर स्टेनलेस स्टील घराघरांत आले. काशाची वाटी आणि पितळी घागर माळ्यावर गेली, कल्हईवाल्याची हाक विरळ झाली आणि धंदा आक्रसला. नाव मात्र राहिले. व्यवसाय मागे पडल्यावरही जे टिकते, ते आडनाव. आज कासार आडनावाचा माणूस शिक्षक असतो, यंत्रचालक असतो, परिचारिका असते. भट्टी त्याने पाहिलेलीही नसते.

५.४ प्रसार : एक उगम की अनेक?

आता नकाशाकडे वळू. गुजरातेत ‘कंसारा’ हे आडनाव आहे. तेथे अनुस्वार टिकला आहे. हिंदी प्रदेशात ‘कसेरा’, बंगालमध्ये ‘कांसारी’, ओडिशात ‘कंसारी’. कन्नडमध्ये ‘कंचुगार’ : कंचु म्हणजे कासे, आणि ‘गार’ हा आपल्या ‘कार’चाच भाऊबंद. तेलुगूत ‘कंचरि’. इंग्लंडात ‘ब्रेझिअर’ हे आडनाव आहे, त्याचा अर्थही पितळेचे काम करणारा असाच.

या सर्वांचा कोणी एक पूर्वज होता काय? इंग्लंडातील ब्रेझिअरला पाहून असा प्रश्न कोणी करणार नाही. पण कंसारा आणि कासार यांच्याविषयी तो हमखास केला जातो, आणि मग ‘आम्ही मूळचे अमुक प्रांतातले’ अशा कथा तयार होतात. वस्तुस्थिती साधी आहे. जेथे कासे घडविले जात होते, तेथे घडविणाऱ्याला लोकांनी त्या नावाने हाक मारली. नाव एकाच ठिकाणी जन्मून पसरले नाही, अनेक ठिकाणी जन्मले. महाराष्ट्रातही कासारांमध्ये कालिका देवीला मानणारे हिंदू कासार आहेत आणि जैन कासारही आहेत. आडनाव एक, परंपरा भिन्न. तेव्हा कासार आडनावाचा नकाशा हा एखाद्या घराण्याच्या स्थलांतराचा नकाशा नव्हे, तो एका कसबाचा नकाशा आहे.

हा नकाशा विरळ ठिपक्यांचा का दिसतो, तेही समजून घ्या. बारा बलुतेदारांच्या सर्वसाधारण यादीत सुतार, लोहार, कुंभार असतात. कासार सहसा नसतो. कारण उघड आहे. नांगराचा फाळ दरवर्षी शेवटावा लागतो, मडके फुटते. काशाचे ताट मात्र आईकडून लेकीकडे जाते. एका गावाच्या गरजेवर कासाराचे पोट भरणे कठीण. म्हणून तो बाजाराच्या गावी राहतो, आठवड्याचे बाजार आणि जत्रा करतो, रोखीने विकतो. भिवंडीसारख्या जुन्या व्यापारी गावात ‘कासार आळी’ असते ती यामुळे.

यातूनच ग्रामनामांतील एक गंमत उलगडते. मुळशी तालुक्यात कासार आंबोली आहे, लातूर जिल्ह्यात कासार सिरसी, पाथर्डी तालुक्यात कासार पिंपळगाव, ठाण्यात कासारवडवली. आंबोली, सिरसी, पिंपळगाव ही नावे ठिकठिकाणी आढळतात. त्यांच्यातले नेमके कोणते, हे सांगण्यासाठी विशेषण लागते. जे सर्वत्र असते ते विशेषणाच्या कामाचे नसते. चार घरे कासारांची असणे ही लक्षात राहणारी गोष्ट होती, म्हणून ती नावात आली. कासारवाडीच्या पलीकडे, पवना ओलांडली की पिंपळे गुरव लागते. तेथेही हीच रीत आहे. गावाच्या नावात एखादी जात आली, म्हणजे तेथे तिची बहुसंख्या होती, असा निष्कर्ष म्हणून काढू नये. उलट शक्यता अधिक.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
(अ) ‘कांस्यकार’ ते ‘कासार’ हा ध्वनिबदल उदाहरणांसह स्पष्ट करा.
(आ) बलुतेदारीच्या बाहेर असण्याचा कासारांच्या वसतिस्थानांवर काय परिणाम झाला?

५.५ एकाच उगमाची आडनावे

आता दुसऱ्या प्रकाराकडे पाहू. कासारवाडीच्या शेजारी फुगेवाडी आहे, भोसरीत लांडेवाडी आहे आणि चिंचवडजवळ वाल्हेकरवाडी. कासारवाडी या नावात व्यवसाय आहे. फुगेवाडी आणि लांडेवाडी यांत कुळाचे आडनाव आहे. वाल्हेकरवाडी हे नाव सर्वांत बोलके. पुरंदर तालुक्यात पालखीमार्गावर वाल्हे हे गाव आहे. वाल्ह्याहून आलेला तो वाल्हेकर. वाल्ह्यात राहणाऱ्याला वाल्हेकर म्हणण्याचे कारण नसते. गाव सोडल्यावरच हे नाव चिकटते. आणि वाल्हेकर जेथे वसले ती वाल्हेकरवाडी. गावाने आडनाव दिले, आडनावाने दुसरे गाव दिले. कोणताही दस्तऐवज न उघडता एका स्थलांतराची दिशा आपल्या हाती लागते.

नीरेच्या खोऱ्यातील होळ गावावरून होळकर हे आडनाव पडले आणि अठराव्या शतकात ते इंदूरला राजघराण्याचे नाव झाले. अशा आडनावांचा माग एका बिंदूपर्यंत नेता येतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाचे एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इटलीतील बार्डी या डोंगराळ गावाच्या परिसरातून अनेक कुटुंबे ब्रिटनमधील दक्षिण वेल्समध्ये गेली. तेथे कोळशाच्या खाणी होत्या, खाणकामगारांच्या वस्त्या होत्या, आणि या कुटुंबांनी तेथे कॉफी व आइस्क्रीमची दुकाने थाटली. त्यांतील ब्राक्की या आडनावाचे लोक आधी आलेल्यांपैकी. पुढे कोणत्याही इटालियन माणसाच्या दुकानाला तेथील लोक ‘ब्राक्की’ म्हणू लागले. आपल्याकडे घडले त्याच्या हे नेमके उलट. कासार हे सामान्यनाम आडनाव झाले. ब्राक्की हे आडनाव सामान्यनाम झाले. कामगारवस्तीत बाहेरून येऊन हॉटेल चालविणाऱ्यांची नावे अशी शब्द होऊन बसतात, हे आकुर्डी–भोसरीच्या वाचकांना नवलाचे वाटू नये. ‘उडप्याकडे चहा घेऊ’ असे म्हणताना आपण उडुपी या गावाचेच नाव घेत असतो.

५.६ आडनाव आणि माणूस

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली, त्यानंतर आकुर्डीत बजाज ऑटोचे उत्पादन सुरू झाले, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून माणसे आली, पुढे महाराष्ट्राबाहेरूनही आली. कारखान्याच्या हजेरीपटावर राज्यातील सारी आडनावे एकाखाली एक बसली. गावात आडनाव माणसाला ओळखीत बसवीत होते. येथे ते अनोळखी माणसापुढे त्याच्याविषयी काही बोलू लागले.

ते काय बोलते, हे आपण सारे जाणतो. ‘पूर्ण नाव काय?’ या प्रश्नानंतर विचारणारा क्षणभर थांबतो आणि उत्तर देणाराही. आपल्या समाजात आडनाव विचारणे हे पुष्कळदा जात विचारणे असते. व्यवसायवाचक आडनावात ती लपत नाही. गावावरून पडलेल्या आडनावात पुष्कळदा लपते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या मूळ गावावरून पडलेले नाव पुढे ‘आंबेडकर’ या रूपाने स्थिर झाले. एका लहान गावाचे नाव त्यामुळे जगभर उच्चारले जाते. दीनानाथ मंगेशकरांनी गोव्यातील मंगेशी या गावावरून आपले आडनाव घेतले. आडनाव हे मिळते तसे निवडलेही जाते, हे या उदाहरणांतून ध्यानात येईल. आणि स्त्रियांच्या बाबतीत ते बहुधा न विचारता बदलले जाते. आडनावांच्या प्रसाराचे नकाशे काढताना निम्म्या समाजाचा प्रवास त्यांत दिसत नाही, ही या अभ्यासशाखेची मोठी उणीव आहे.

म्हणून क्षेत्रीय काम करताना कोणालाही ‘तुम्ही मूळचे कोण?’ असे विचारू नका. ‘तुमच्या आडनावाविषयी घरात काय सांगतात?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नावर माणूस आखडतो, दुसऱ्यावर बोलू लागतो. ऐकलेली कथा इतिहास म्हणून लिहू नका, पण टाकूनही देऊ नका. घराने स्वतःविषयी काय मानले, याचा ती पुरावा असते.

५.७ उपक्रम

स्वतःच्या कुटुंबातील एक आडनाव निवडा. आईचे माहेरचे आडनाव घेतल्यास अधिक चांगले. ते व्यवसायावरून, गावावरून, वतनावरून की अन्य कारणाने पडले, याचा तर्क लिहा. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) तो शब्द शोधा आणि आजच्या अर्थाशी ताडून पाहा. जुना शाळेचा दाखला, सातबारा उतारा किंवा घरातील मोडी कागद उपलब्ध असल्यास त्यातील आडनावाचे लेखन जसेच्या तसे उतरवून घ्या; ऱ्हस्व–दीर्घ दुरुस्त करू नका. घरातील सर्वांत वयोवृद्ध स्त्रीला ते आडनाव पहिल्यांदा केव्हा लावावे लागले, हे विचारा आणि तिचे उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवा. टिपण सुमारे ३०० शब्दांचे असावे. संपर्कसत्राला येताना ते सोबत आणावे. आपल्या गटातील टिपणे एकत्र करून आपण परिसराचा आडनाव-नकाशा भिंतीवर लावणार आहोत.