दुकानाचा फाइल सर्व्हर: कॉन्फिग फाइलमधली एक ओळ आणि उघडा पडलेला हिशोब

व्हिडिओत आपण जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सांबा इन्स्टॉल केलं. आज त्याची कॉन्फिग फाइल लिहूया. व्हिडिओ बघताना हा लेख बाजूला उघडा ठेवा.

सांबा म्हणजे काय, हे थोडक्यात. विंडोजचे पीसी एकमेकांच्या फाइल्स उघडायला एसएमबी नावाची भाषा वापरतात. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास तीच भाषा बोलणारा सर्व्हर लिहायला घेतला. त्याचंच पुढे सांबा झालं. ते फुकट आहे, लायसन्सचा खर्च नाही. म्हणून छोट्या दुकानाला परवडतं.

आधी कागद, मग कीबोर्ड

समजा तुमचं हार्डवेअरचं दुकान आहे. काउंटरवर दोन मुलं, अकाउंट्सला एक ताई, आणि मालक तुम्ही. एका कागदावर तीन रकाने आखा: फोल्डर, कोण बघणार, कोण बदलणार.

- रेट: सगळे बघणार, फक्त मालक बदलणार.
- हिशोब: फक्त मालक आणि अकाउंट्सच्या ताई. पगार, उधारी, खरेदीचे भाव, सगळं इथेच.
- कॉमन: सगळे बघणार, सगळे बदलणार.

कॉन्फिग फाइल म्हणजे हाच कागद, फक्त सांबाला समजेल असा लिहिलेला.

फाइलची रचना

चौकोनी कंसात नाव आलं की नवा विभाग सुरू. पहिला विभाग ग्लोबल, म्हणजे अख्ख्या सर्व्हरचे नियम. त्यानंतर प्रत्येक फोल्डरला एक विभाग. हिशोबाचा विभाग असा (इथे उच्चाराप्रमाणे दिलाय, टाईप करताना स्क्रीनवरचं इंग्रजी स्पेलिंगच घ्या):

[हिशोब]
पाथ = फोल्डरचा पूर्ण पत्ता
व्हॅलिड यूजर्स = @हिशोबगट
रीड ओन्ली = नो

@ म्हणजे एक माणूस नाही, तर गट. उद्या अकाउंट्सला दुसरं कोणी आलं तर गटातलं नाव बदला. फाइलला हात लावायची गरज नाही.

रेट फोल्डरला रीड ओन्ली 'येस' ठेवा आणि 'राइट लिस्ट' मध्ये फक्त मालकाचं नाव द्या. 'गेस्ट ओके' मात्र कुठेच चालू करू नका. पासवर्ड टाकायचा कंटाळा आला म्हणून लोक ते चालू करतात, आणि मग दुकानाच्या वायफायवर आलेला कोणीही आत शिरू शकतो.

खरा धोका कुठे आहे?

आता नीट लक्ष द्या. 'व्हॅलिड यूजर्स' च्या स्पेलिंगमधलं एक अक्षर चुकलं तर काय होईल? सर्व्हर बंद पडेल असं वाटतं ना? तसं होत नाही. सांबा ती अनोळखी ओळ सोडून देतो आणि पुढे जातो. आणि ती ओळ नसली की नियम असा, की ज्याच्याकडे सर्व्हरचं खातं आहे तो कोणीही आत येऊ शकतो. म्हणजे कुलूप लावलंय असं तुम्हाला वाटतं, पण दार सताड उघडं! काउंटरवरच्या मुलाला सगळ्यांचे पगार दिसतात आणि तुम्हाला पत्ताच नसतो.

यावर उपाय म्हणजे 'टेस्टपार्म' ही कमांड. फाइल सेव्ह केली की आधी ती चालवा, मगच सर्व्हर रीस्टार्ट करा. ओळखीची नसलेली ओळ ती नावासकट दाखवते.

आणखी तीन गोष्टी:

१. टीप लिहायची असेल तर वेगळ्या ओळीवर, सुरुवातीला # देऊन लिहा. नियमाच्याच ओळीत शेवटी लिहिली तर सांबा तिला त्या नियमाचाच भाग समजतो.

२. 'ब्राउझेबल = नो' हे कुलूप नाही. फोल्डर यादीत दिसत नाही एवढंच. नाव माहीत असलेला माणूस ते टाईप करून पोचतो.

३. सांबाने परवानगी दिली तरी लिनक्सच्या फोल्डरचीही परवानगी लागते. शटर उघडलं म्हणून गल्ला उघडत नाही, तसंच हे. सगळं बरोबर लिहूनही फाइल सेव्ह होत नसेल तर आधी इथे बघा.

शेवटची परीक्षा काउंटरवर

टेस्टपार्म फाइलची भाषा तपासते, तुमच्या मनातला नियम तिला माहीत नसतो. 'हिशोबगट' मध्ये चुकून काउंटरच्या मुलाचं नाव टाकलं असेल तर ती काहीच बोलणार नाही. म्हणून काउंटरच्या पीसीवर त्या मुलाच्या खात्याने लॉगिन करा आणि हिशोब उघडून बघा. नकार आला पाहिजे! विंडोज आधीचं लॉगिन धरून ठेवतो, त्यामुळे साइन आउट करून मगच तपासा. कागदावरच्या प्रत्येक ओळीसाठी हे करा आणि पुढे टिक करा.

तो कागद फाडू नका. चालू फाइलच्या कॉपीसोबत फाइलला लावून ठेवा. कोणी नोकरी सोडली तर त्याच दिवशी कागद काढा, त्याचं खातं बंद करा आणि परत टिक करत जा.

होमवर्क: आज सर्व्हरला हात लावू नका. फक्त तीन रकान्यांचा कागद भरा. 'कोण बघणार' या रकान्यात तुम्ही कुठे अडखळलात, तिथेच तुमच्या धंद्याची गुपितं आहेत. त्या फोल्डरचा नियम सगळ्यात आधी लिहा.