पुण्यानुमोदनानंतरचे दिवस



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतल्या एका वहिनींचे मालक वारले. किडन्या निकामी झाल्या होत्या. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं. पहाटे चारला उठायचं, डबा करायचा, रिक्षाने त्यांना न्यायचं आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसून राहायचं. पुण्यानुमोदनाला अख्खी वस्ती होती. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी त्यांच्याकडे डोकावले. वहिनी म्हणाल्या, "सिस्टर, अजून पहाटे चारलाच जाग येते. उठून बसते, मग आठवतं, आता कुठं जायचं नाही."

बीपी मोजलं तर १८०/११०. स्वतःच्या बीपीच्या गोळ्या त्यांनी महिनाभर घेतल्या नव्हत्या. तो महिनाभर त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. उलट, अंत्ययात्रेच्या दिवशी मीच म्हणाले होते, "सुटले बिचारे." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं ते मी विसरलेले नाही. इतकी वर्षं नर्सिंग केलं, पण आजारी माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या माणसाला तपासायचं असतं, हे मी त्या घरात शिकले.

हे दुःख थोडं वेगळं असतं

लांबच्या आजारात घरचं माणूस आधीच थकलेलं असतं. जागरणं, कर्ज, अर्धपोटी राहणं, स्वतःचं दुखणं अंगावर काढणं. माणूस गेल्यावर क्षणभर हायसं वाटतं, आणि लगेच त्याची लाज वाटते. "आता तरी झोप लागेल असं मनात आलं, मी पापी आहे का?" असं मला अनेक बायांनी हळू आवाजात विचारलंय. नाही. दमलेल्या शरीराचा तो सुस्कारा आहे. प्रेम कमी होतं असा त्याचा अर्थ नाही.

रडू दाबायचीही गरज नाही. २७ मे १९३५ रोजी माता रमाई दीर्घ आजाराने गेल्या, तेव्हा बाबासाहेब लहान मुलासारखे रडले, असं चरित्रकारांनी लिहून ठेवलं आहे. "पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय?" असं कुणाच्या मुलाला म्हणताना हे आठवावं.

किसा गोतमीची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मेलेलं लेकरू कवटाळून ती औषध मागत होती. तथागतांनी तिला 'रडू नको' म्हटलं नाही. ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी आण, असं सांगून तिला घरोघरी पाठवलं. प्रत्येक दारात तिला कुणाच्या तरी मृत्यूची गोष्ट ऐकायला मिळाली आणि आपण एकट्या नाही हे कळलं. आजची गोतमी दार लावून बसलेली असते. मग आपणच तिच्या दारी जायचं.

काय बोलू नये

"त्या मोठ्या दवाखान्यात का नाही नेलं?" हा प्रश्न कधीच विचारू नका. नेलं असतं तरी काय झालं असतं हे कुणालाच माहीत नसतं, पण घरच्यांच्या मनाला तो वर्षानुवर्षं टोचत राहतो. आजाराची सगळी कहाणी प्रत्येकाने नव्याने विचारू नये. "काही लागलं तर सांगा" असंही नको. दुःखातलं माणूस सांगत नाही. "उद्या दुपारी भाकरी घेऊन येते" असं म्हणा आणि या. गेलेल्या माणसाचं नाव मात्र घ्या. त्याच्या चांगल्या आठवणी ऐकायला घरच्यांना आवडतं.

कामं वाटून घ्या

विहारात महिला मंडळाने बसून किमान तीन महिन्यांची वाटणी करावी.

१. जेवण आणि सोबत. पहिला महिना रोज एका घरातून डबा जावा. बसून दोन घास खायला लावावेत. रात्री एकटं झोपवत नसेल तर कुणीतरी सोबतीला जावं.

२. तब्येत. सेवा करणाऱ्या माणसाचं बीपी आणि शुगर पहिल्या आठवड्यातच तपासून घ्या. बंद पडलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. आजार टीबीचा होता तर घरातल्या सगळ्यांची, आधी लहान मुलांची, सरकारी दवाखान्यात तपासणी करा. ती मोफत असते. उरलेली औषधं दुसऱ्या कुणाला देऊ नका.

३. कागदपत्रं. घरी मृत्यू झाला तर २१ दिवसांच्या आत नोंदणी करा. दाखल्याच्या चार-पाच प्रती काढा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातली कमावती व्यक्ती १८ ते ५९ वयात वारली असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच २०,००० रुपये मिळतात. विधवा बहिणीसाठी संजय गांधी निराधार योजना आहे. दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात करा. गेलेल्या माणसाचं पासबुकही बघा. वर्षातून एकदा ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती विमा असू शकतो. तो २ लाखांचा असतो. लगेच बँकेत जा.

४. मुलं. "बाबा गावाला गेले" असं खोटं सांगू नका, मूल वाट बघत राहतं. सोप्या शब्दांत खरं सांगा. शाळा लवकर सुरू करा. शिक्षकांना कल्पना द्या.

५. खर्च. आजाराने आधीच पिळलेल्या घराने पुण्यानुमोदनाच्या पंगतीसाठी व्याजाने पैसे काढू नयेत. वंदना, चार शब्द आणि चहा पुरे. पंगतीचे पैसे वर्गणी म्हणून त्यांच्या किराण्याला द्या. आणि 'दुःख विसरायला' म्हणून कुणी घरातल्या पुरुषांना दारू पाजत असेल तर तिथेच अडवा. पाचवं शील अशा दिवसासाठीच आहे.

दवाखान्यात कधी न्यावं

दुःखाला मुदत नसते. पण दोन आठवडे उलटले तरी अन्न जात नाही, झोप नाही, अंघोळही नको वाटते, दारू वाढली आहे, असं दिसलं तर सरकारी दवाखान्यात घेऊन जा. "मरून जावंसं वाटतं का?" असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. 'हो' म्हटलं तर एकटं सोडू नका. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आमच्या वहिनींना अजून पहाटे चारलाच जाग येते. पण शेजारच्या काकू हाउसकीपिंगच्या कामाला साडेचारला निघतात. आता त्या आधी वहिनींकडे येतात. दोघी चहा घेतात, वहिनी बीपीची गोळी घेतात. कधी बोलतात, कधी नाही. मागच्या आठवड्यात बीपी १३०/८४ भरलं.

तुमच्या गल्लीत अलीकडे कुणाचं पुण्यानुमोदन झालं? आज संध्याकाळी त्या घरी जाऊन या.

नमो बुद्धाय. जयभीम.